शिंगटी आणि एक हंडा पाणी

मोखाड्यात घरात काचेची टाकी ठेवून मासे पाळणाऱ्याकडे लोक जरा काळजीनेच बघतात. मासा ही इथे जेवायची गोष्ट. पहिल्या पावसात ओहोळांतून चढणीचे मासे खाचरात शिरायला लागले, की बॅटऱ्या घेऊन अख्खी वाडी रात्री बांधावर उतरते. आणि मी, गुरुजी म्हणवणारा माणूस, दोन फुटी टाकीपुढे पाट टाकून बसतो. "मोठे झाल्यावर खाणार ना?" असं शेजारच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नाही म्हटल्यावर त्यांनी घरच्यांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मला हौस मिशीवाल्या माशांची. ती भागवायला मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात गेलो. तिथे आधी 'शार्क' दाखवला. चार इंचांचं चंदेरी पिल्लू, रुबाब मोठा. हा खरं तर पंगस. मीटरभर वाढतो, आणि आपल्या हॉटेलांत 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुतेक हाच. टाकीत शार्क, ताटात बासा, आणि स्वभाव असा भित्रा की दिवा लावला तरी दचकून काचेवर डोकं आपटतो. तो नको म्हटलं, तर सकर काढला. "काच साफ करतो साहेब, खायलासुद्धा घालू नका." भुललो. सकर शेवाळ खातो हे खरं, पण खातो त्या मानाने घाणही करतो, आणि वाढला की दीड फुटाचा होतो. वर्षभरात माझा आठ इंचांचा झाला. टाकीत तो वळायचा म्हणजे एसटी घाटात वळावी तसा, दोन दमांत.

एका स्नेह्याने सुचवलं, द्या वाघ नदीत सोडून, पुण्य लागेल. पुण्याचं माहीत नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेतला; २०२० मध्ये तो वाराणसीला गंगेत सापडला, तो कुणीतरी असंच पुण्य केल्याने असावा. मी तो पिशवीत भरून नाशिकच्या एका दुकानात परत दिला. पैसे मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

त्यानंतर आणल्या कोरी. मिशीवाला मासा घ्यायचाच असेल, तर माझं ऐका, कोरी घ्या. एकटीदुकटी नको, सहा तरी हव्यात. एकटी कोरी कोपऱ्यात बसून राहते. तळाला धारदार खडी घालू नका, मिशा झिजतात. नदीची बारीक वाळू धुऊन घाला. चारा दिवे मालवल्यावर टाका. मधूनच एखादी सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेते आणि परत खाली जाते. घाबरू नका, ती आतड्यानेही श्वास घेते.

शिंगटी मात्र विकत आणली नाही. जुलैत एका विद्यार्थ्याने ती डब्यातून आणली, बोटभर लांब. इंग्रजांना या जातीत मांजराच्या मिशा दिसल्या. आपल्या लोकांनी नाव ठेवलं ते शिंगावरून: शिंगटी, शिंगाळा. ते मासा लांबून बघत नव्हते, हातात धरत होते. परांच्या बुडाशी ताठ काटे असतात, तेच शिंग. मी शहाणपणाने जाळीने उचलायला गेलो, तर काटा जाळीत अडकला. शेवटी जाळी कात्रीने कापली. पोरगा म्हणाला, "गुरुजी, वाटीनं उचलायची."

टाकीत अकरा गप्पीही होते, डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं वाटतं त्यातले. सकाळी मोजले तर आठ. दुसऱ्या सकाळी पाच. शिंगटी दिवसभर लाकडाखाली, मिशा खाली सोडून, कीर्तनाला बसल्यासारखी. कोरींना मात्र ती शिवली नाही. त्यांनाही काटे आहेत.

मे महिन्यात मावशी टँकरवरून हंडा घेऊन दारात टेकल्या. इथे पावसाळ्यात छत्र्या उलट्या होतात आणि उन्हाळ्यात टँकर येतो. तालुक्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच, २०१४ पासून मुंबईला पाणी देणारं. म्हणजे कुर्ल्याच्या दुकानातला तो 'शार्क' वैतरणेच्या पाण्यात पोहत असेल, तर नवल नाही.

"याला किती पाणी लागतं, गुरुजी?" मावशींनी विचारलं.

टाकी छपन्न लिटरची. आठवड्याला पाव पाणी बदलायचं, म्हणजे चौदा लिटर. मी त्यांच्या डोक्यावरून उतरलेल्या हंड्याकडे बघितलं. आकडा तोच होता. "थोडंसंच," म्हणालो.

तेव्हापासून उन्हाळ्यात अर्ध्या हंड्यावर भागवतो. त्यासाठी चारा निम्मा केला, आणि टाकीतलं काढलेलं पाणी मावशींच्या कढीपत्त्याला जातं. कोरी सहाच्या सहा आहेत. शिंगटी वीतभर झाली आहे. गप्पी संपले.