आद्यकाका

काही माणसांचा पहिला नंबर लागतो, काहींना तो लावून घ्यावा लागतो. या दुसऱ्या जातीतलं माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतं. नळाला पाणी आलं हे त्याला आधी कळतं, कोण वारलं हेही. आमच्या बंगळूरच्या के. आर. पुरममधला नमुना म्हणजे आद्यकाका. हे नाव आम्ही ठेवलं. त्यांच्या कानावर गेल्यावर ‘मीच आधी सुचवलं होतं’ असं सांगून त्यांनी तेही खिशात घातलं.

काका मूळचे रत्नागिरीचे. 1978 साली दूरवाणीनगरच्या आयटीआयमध्ये चिकटले. ही टेलिफोन बनवणारी आयटीआय, 1948 सालची. ‘स्वतंत्र भारतातला पहिला सरकारी कारखाना’ हे शेपूट जोडल्याशिवाय काका तिचं नाव घेत नाहीत. हँगिंग ब्रिज झाला 2003 मध्ये, त्याआधीचं के. आर. पुरम ज्याने पाहिलं नाही त्याला ते पाहुणा समजतात. 2023 च्या मार्चमध्ये व्हाइटफील्डकडून मेट्रो इथवर आली, तेव्हा काका पहाटेच स्टेशनात हजर. पुढचा बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा तुकडा ऑक्टोबरात सुरू झाला, तेव्हा पुन्हा हजर. एकाच लाइनीवर दोनदा पहिलं होण्याचा योग फार थोड्यांच्या नशिबी असतो, असं ते म्हणतात.

निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, शेअर बाजाराला लागतात. काकांना कोम जेली भेटली. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर वर, मद्रासचा समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पुढे, आणि काका लिफ्टमध्ये फोन पुढे करून समुद्रातला जीव दाखवतात. आवळ्याएवढा पारदर्शक गोळा. त्याच्या अंगावर वरून खाली आठ पट्टे. प्रत्येक पट्ट्यात बारीक कंगव्यांची रांग, आणि एकेक कंगवा म्हणजे हजारो सूक्ष्म केस एकत्र जुळलेले. कंगवे एकामागून एक हलतात आणि गोळा सरकतो. ‘केसांच्या जोरावर पोहणाऱ्या प्राण्यांत याच्याएवढा मोठा दुसरा नाही,’ असं म्हणताना काकांचा हात आपसूक टकलावरून फिरतो. पट्ट्यांवरून इंद्रधनुष्य धावतं, ते पाहून कोणी ‘वा, लाइट लागले!’ म्हणालं की काका थांबवतात. तो बाहेरचा उजेड, कंगव्यांवर फुटलेला. बऱ्याच जातींना स्वतःचाही उजेड असतो, पण तो निळसर, अंधारात दिसणारा. आणि चुकून ‘जेलीफिश’ म्हणालात तर तुमचा मजला आला तरी सुटका नाही. जेलीफिश डंख मारते. कोम जेलीतली बहुतेक मंडळी डिंकाच्या पेशींनी भक्ष्य चिकटवून धरतात. काकांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

एवढ्या मोठ्या समुद्रात काकांनी हाच जीव का धरला? तर 2008 साली ‘नेचर’मध्ये केसी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांचा हिशेब मांडला, की प्राण्यांच्या वंशवृक्षातून सगळ्यांत आधी फुटलेली फांदी कोम जेलीची. तोवर तो मान बिनमेंदूच्या, बिनमज्जातंतूंच्या स्पंजाकडे होता. मग स्पंजवाले आणि कोम जेलीवाले अशा दोन तटांत जुंपली. 2023 मध्ये गुणसूत्रांवर जनुकांची शेजारपाजाराची मांडणी तपासून पुन्हा कोम जेलीच्या बाजूने कौल आला, तरी वाद मिटलेला नाही. काकांच्या घरी मात्र मिटलाय. काकूंना भांडी घासायला स्पंज मिळत नाही. नारळाची शेंडी वापरतात बिचाऱ्या.

काकांची भाची हेब्बाळपलीकडे एका संशोधन संस्थेत जीवशास्त्रात काम करते. एका रविवारी काका तिला ‘आपली मूळ पणजी’ असा कोम जेलीचा परिचय करून देऊ लागले. पोहे खाता खाता ती म्हणाली, ‘मामा, आधी वेगळी चूल मांडली म्हणून कोणी थोरलं होत नाही. तुम्ही रत्नागिरी सोडून इथं आलात म्हणून मोठ्या मामापेक्षा मोठे झालात का? फूट पडल्यावर दोन्ही घरांचं वय सारखंच वाढलं. आजची कोम जेली आजचीच आहे, ती कुणाची पणजी नाही.’

त्यानंतर काही दिवस काका जिन्याने ये-जा करत होते. मग सुधारित आवृत्ती आली. ‘थोरली म्हणतच नाही मी. आधी बाहेर पडलेली म्हणतो!’

काका फक्त एका माणसासमोर जपून बोलतात. तळमजल्यावर एक कन्नड अज्जा राहतात. जिथे आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं नाचणीचं शेत होतं. जमिनीच्या मोबदल्यात फ्लॅट मिळाले. एका संध्याकाळी बाकावर बसून काकांनी त्यांना कन्नडमध्ये काळ्या समुद्राची कथा सांगितली. अमेरिकेच्या किनाऱ्यावरची निमिऑप्सिस नावाची कोम जेली 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून तिथे पोचली. नर तीच, मादी तीच, दिवसाला हजारो अंडी, आणि तिला खाणारं कोणी नाही. दशक संपेपर्यंत तिने माशांची अंडी, पिल्लं आणि पिल्लांचा चाराही फस्त केला. अँकोव्हीची मासेमारी कोसळली. (बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता, पण आपल्या माणसाच्या पराक्रमात काका भागीदार घेत नाहीत.) शेवटी 1997 च्या सुमारास बेरोई आली, कोम जेलीलाच गिळणारी दुसरी कोम जेली, आणि मग समुद्राला जरा उसंत मिळाली.

अज्जांनी सगळं ऐकून घेतलं. गेटबाहेर तुंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, ‘मग ती बेरोई इकडे कधी येणार?’

काकांचा सुवर्णक्षण मात्र गणपतीतला. आरतीनंतर त्यांचं भाषण, मोदक झाकलेले, पोरं चुळबुळतायत. तेवढ्यात पहिलीतल्या एका मुलाने विचारलं, ‘आजोबा, ती शी कुठून करते?’ आईने त्याला चिमटा काढला. काका मात्र उजळले. गेली कित्येक वर्षं ते याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. निमिऑप्सिसचं ते दार कायमचं नसतं, हे 2019 मध्ये उघडकीला आलं. आतली नळी फुगून कातडीला टेकते, तिथे भोक पडतं, काम उरकतं, आणि भोक बुजून जागाही सापडत नाही. पुन्हा लागली की पुन्हा दार. पोरांनी ते तीनदा सांगायला लावलं. मोदक गार झाले, पण त्या रात्री काकांइतका लोकप्रिय माणूस कॉलनीत दुसरा नव्हता.

गेल्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला. झाकलेल्या जागा कमी, गाड्या जास्त. काकांचा अर्ज तयारच होता: जो आधी आला त्याला आधी जागा, हाच निसर्गाचा नियम, सोबत ‘नेचर’मधल्या लेखाची झेरॉक्स. सेक्रेटरी झेरॉक्स उलटसुलट करून पाहत होते. इतक्यात मागच्या रांगेतून सभेत कधीही न बोलणारे अज्जा उठले आणि म्हणाले, ‘आधी आला त्याला? बरं. मला मान्य आहे.’

सभा खदखदून हसली. काका क्षणभर उभेच राहिले. मग त्यांनी अर्ज परत घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि चिठ्ठ्या टाकून जागा वाटाव्यात असा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. काका सेक्रेटरींच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या वहीत डोकावत म्हणाले, ‘सूचक म्हणून माझं नाव आधी लिहा. अनुमोदक कोण ते मग बघू.’