रोवळीचे तोंड कोणीकडे असावे

वायफाय ज्या खोलीत राउटर असतो त्या खोलीत भरपूर आणि ज्या खोलीत माणसे बसतात त्या खोलीत तुटपुंजे मिळते, हा या शास्त्रातील पहिला सिद्धान्त असून त्याला अपवाद दाखवण्यात अद्याप कोणास यश आलेले नाही. याचे कारण राउटरच्या काडीच्या स्वभावात आहे. ही काडी आपल्या भोवती सर्व बाजूंना सारखेच प्रसारण करते, आणि त्यामुळे पुण्याजवळच्या कासारवाडीसारख्या ठिकाणी, जिथे जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग आणि मेट्रोचा उन्नत मार्ग शेजारी-शेजारी धावतात, तिथे महिन्याचे पैसे भरून घेतलेल्या लहरींपैकी बराच भाग मालगाड्यांच्या वाघिणींवर आपटून वाया जातो. हा अपव्यय थांबवून लहरींना एकाच दिशेला लावणारे जे साधन, त्यास दिशानिष्ठ अँटेना म्हणतात.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. दिशानिष्ठ अँटेना शक्ती निर्माण करत नाही. ती फक्त वाटणी बदलते. वडिलोपार्जित जमीन तेवढीच राहून एका भावाच्या वाट्याला जास्त आली की उरलेल्या भावांच्या वाट्याला जे येते, तेच येथे उरलेल्या दिशांच्या वाट्याला येते, फरक एवढाच की दिशा कोर्टात जात नाहीत. ही वाढीव वाटणी डेसिबल या एककात मोजतात : ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट, आणि मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करायचा तर ६ डेसिबल लागतात.

परंपरेचा विचार करता कासारवाडीच्या गच्च्यांना हा विषय नवा नाही. १९७३ साली सिंहगडावरून दूरदर्शनचे सहक्षेपण सुरू झाल्यावर पुणे परिसरात गच्चीगच्चीवर जे ॲल्युमिनियमचे सांगाडे उभे राहिले, ते जपानमधील सेंदाई येथे १९२६ साली हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी मांडलेल्या दिशानिष्ठ रचनेचेच वंशज होते. एक माणूस गच्चीवर, एक खिडकीत आणि एक टीव्हीसमोर अशी तीन मजली साखळी लावून ‘आलं का?’, ‘थोडं डावीकडे’, ‘आता गेलं!’ या तीन वाक्यांत जो संवाद चाले, त्यास दिशाशोधनाची प्रमाणित पद्धती मानण्यास हरकत नाही. त्याही मागे जायचे तर जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहरींचे ध्रुवण तपासण्यासाठी, म्हणजे लहर उभी डोलते की आडवी हे पाहण्यासाठी, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानापानांमध्ये धातूचा वर्ख घालून उपकरण केले होते. वेळापत्रकाचा इतका निश्चित उपयोग त्यानंतर कोणाला सापडल्याचे दिसत नाही.

आता साहित्य. घरगुती अँटेनासाठी कढई, पत्र्याचा डबा, गव्हाची चाळणी आणि रोवळी असे चार उमेदवार स्वयंपाकघरात संभवतात. पैकी चाळणी सपाट असल्यामुळे लहर परत फेकते, पण एका बिंदूत गोळा करत नाही, म्हणून ती बाद. कढई लहर गोळा करते. परंतु गच्चीवर ती वारा धरते, पावसाळ्यात पाणी साठवते, आणि पाणी साठले की डासांच्या अळ्या शोधत येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तिचे वैज्ञानिक प्रयोजन पटवून देणे कठीण जाते. डब्याकडे पुढे येऊच; तूर्त उरते ती तांदूळ निथळण्याची स्टीलची, वाडग्याच्या घाटाची, भोकांची रोवळी.

भोकांतून लहर निसटून जाईल ही शंका स्वाभाविक असली तरी तिचे समाधान कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरूनच होते. फाट्याला वळून चाकण, मंचर मागे टाकत नारायणगावला पोचले की जवळच खोडद येथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या अखंड पत्र्याच्या नाहीत, तर ताणलेल्या दोऱ्यांवर बसवलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. वाऱ्याचा रेटा आणि खर्च या दोन्ही गोष्टी कमी व्हाव्यात म्हणून गोविंद स्वरूप यांनी ही रचना योजली होती. त्यामागचा नियम असा की, भोक लहरीच्या लांबीच्या साधारण दहाव्या हिश्शाहून लहान असेल तर लहरीच्या दृष्टीने ते भोक नसतेच. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांब असते, आणि रोवळीचे भोक एका सेंटिमीटरहून पुष्कळच लहान असते. अर्थात जी दुर्बीण दूरच्या दीर्घिकांतला हायड्रोजन ऐकते तिचे तत्त्व तांदळाच्या रोवळीला तंतोतंत लागू पडते. प्लॅस्टिकच्या रोवळीला मात्र लहर ओळखही देत नाही.

रोवळीचा केंद्रबिंदू, म्हणजे जिथे सर्व परावर्तित लहरी एकत्र येतात ती जागा, काढण्यासाठी तोंडाच्या व्यासाचा वर्ग करून त्यास खोलीच्या सोळापटीने भागावे. तोंड ३० सेंटिमीटर आणि खोली १० सेंटिमीटर असेल तर उत्तर तळापासून ५.६ सेंटिमीटर येते. हे गणित परवलयाचे असून रोवळी करणाऱ्या कारागिराने परवलय डोळ्यांसमोर ठेवलेले नसल्याने, प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे करून पाहावे लागते. या बिंदूवर यूएसबीचा वायफाय डोंगल बसवावा. त्यासाठी लाकडी उलथन्याचा दांडा रोवळीच्या तोंडावर आडवा ठेवून दोन्ही टोके सुतळीने भोकांतून बांधावीत, डोंगल त्याच्या मध्यातून हव्या त्या खोलीपर्यंत आत लोंबता सोडावा आणि वाऱ्यात झोके घेऊ नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दोऱ्याचे ताण द्यावेत. राउटरची काडी उभी असल्यास डोंगलही उभाच असू द्यावा, कारण उभी डोलणारी लहर आडव्या ग्राहकाला नीट दाद देत नाही. पाच मीटरपर्यंतची यूएसबी तार चालते.

डब्याचा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध समजला जातो, आणि ज्या वस्तीच्या नावातच कासार आहेत तिथे त्याचा उल्लेख टाळणे अनुचित ठरेल. गोल डब्याचा व्यास ७.६ ते ९.२ सेंटिमीटरच्या दरम्यान असावा लागतो. याहून अरुंद डब्यात लहर शिरत नाही आणि याहून रुंद डब्यात ती नको त्या प्रकारेही नाचू लागते. व्हर्निअर कॅलिपर घेऊन वाण्याच्या दुकानात डबे मोजत उभा राहिलेला ग्राहक इतरत्र संशयास्पद ठरला असता, परंतु या औद्योगिक पट्ट्यात बहुधा त्यास लीस्ट काउंट विचारले जाईल. व्यास ९ सेंटिमीटर असल्यास बंद तळापासून ५.१ सेंटिमीटरवर भोक पाडून आत ३.१ सेंटिमीटर उंचीची तांब्याची तार उभी करावी. डबा किमान १५ सेंटिमीटर लांब असावा. इतके अचूक काम झाल्यावर बहुतेक साधक डबा गच्चीवर ठेवतात, दहा मीटर साधी कोॲक्सिअल केबल खाली आणतात, आणि ती केबल मीटरमागे सुमारे एक डेसिबल याप्रमाणे डब्याने कमावलेले सगळे वाटेतच खाऊन टाकते. रोवळीत डोंगलच वर बसत असल्याने हा मध्यस्थ उरत नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. त्या नियमांत अँटेनातून एका दिशेस जाणाऱ्या शक्तीवर ४ वॉटची मर्यादा असून अँटेना अस्तित्वात असलेल्या अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटर उंचीपर्यंतच असावी असे म्हटले आहे. घरगुती राउटरची शक्ती पाहता रोवळीकडून पहिली अट मोडण्याची भीती नाही. दुसऱ्या अटीतील ‘अधिकृत’ हा शब्द मात्र, ज्या शहरात अनधिकृत बांधकामे आणि शास्तीकर हे विषय अनेक निवडणुकांना पुरून उरले त्या शहरात, तंत्रज्ञाने फार वेळ न रेंगाळता वाचून पुढे जावे. शेजाऱ्याचे जाळे त्याच्या परवानगीशिवाय वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये अपराध आहे. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते, आणि ती मिळवण्याची कोणतीही पद्धत भौतिकशास्त्रात सांगितलेली नाही.

शेवटी दिशा. समोरचे टोक डोळ्यांना दिसले म्हणजे झाले, असे समजू नये. दोन टोकांमधला लहरीचा मार्ग सरळ दोरीसारखा नसून मृदंगासारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. त्यास फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. २०० मीटर अंतरावर या मृदंगाचे पोट मध्यापासून चहूकडे अडीच मीटर सुटलेले असते. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाल्यापासून रस्त्यापलीकडच्या दुकानातून घरी वायफाय आणू पाहणाऱ्यांच्या मृदंगात दर काही मिनिटांनी एक गाडी शिरण्याचा संभव निर्माण झाला आहे. त्याहून मोठा शत्रू गच्चीवरची पाण्याची टाकी. पाणी ही लहर शोषून घेते, त्यामुळे टाकी भरल्यावर जोडणी तुटते आणि पाणी संपल्यावर सुधारते. पाणी एक दिवसाआड येत असेल तर इंटरनेटही त्याच वेळापत्रकाने येते. मोबाइलवरील मापक उणे ८५ वरून उणे ७० डेसिबल-मिलिवॉटकडे सरकू लागला, म्हणजेच उणे आकडा लहान होऊ लागला, की रोवळी योग्य बाजूला वळत आहे असे समजावे आणि खालच्या माणसाने ‘आलं!’ असे ओरडावे.

दिशा सापडताच कठड्यावर रोवळीच्या कडेची आणि दांड्याच्या दोन्ही टोकांची जागा नेलपॉलिशने खुणावून ठेवावी. सकाळी अकराच्या सुमारास खालून तांदूळ धुवायला रोवळीची मागणी होते, आणि ती भात झाल्यावरच परत मिळते.