नाक वर केलेली पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी ज्याच्या दारात उभी आहे त्याला निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा हा प्रश्न पडत नाही. आमची पद्मिनी वडिलांची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढे तिघं मांडीला मांडी लावून बसतील अशी सलग सीट. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आमची उतरायला तयार नाही. मी मात्र जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून कधीच उतरलो.

तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. सपाटीवर त्यांचं काही म्हणणं नसतं. पण वेरूळहून चाळीसगावकडे येताना कन्नडच्या घाटात त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. ड्रम तापला की फुगतो, आतल्या शूपासून दूर सरकतो, आणि लायनरही तापून धरेनासा होतो. हे सगळं मला पाठ होतं. तरी पेडल खाली खाली जाऊ लागलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "काही नाही, ब्रेक फक्त गरम झालेत." शेजारून रामरक्षा सुरू झाली. घाट उतरल्यावर सौ. म्हणाल्या, "अहो, एक तर ब्रेक बदला, नाहीतर मला एसटीने पाठवत जा."

ब्रेक बदलायचं ठरलं. एका लहान गाडीच्या भंगारातून डिस्क आणि कॅलिपर आणले, एमआयडीसीतल्या लेथवर जोडपट्ट्या कापून घेतल्या. काम तेवढंच होतं. पण आमच्या मिस्त्रीने पुढची चाकं उतरवली आणि मी ते वाक्य उच्चारलं, ज्याने आजवर अनेक घरं आणि बरेच फंड बुडवलेत: "आता उघडलंच आहे, तर..." तर किंगपिन नवे. तर वरखालच्या आर्मचे रबरी बुश नवे. तर स्प्रिंगा काढून घासूनपुसून काळा रंग. गाडी जॅकवर, चाकं अधांतरी, आणि मी बाजूला स्टूल टाकून "घट्ट कस, अजून कस" असं मार्गदर्शन करत बसलेला.

गाडी खाली आली आणि ब्रेक झकास लागले. फक्त लग्नात मानपान न मिळालेल्या मावशीसारखं गाडीने नाक वर केलं होतं. टेप लावून मोजलं. मडगार्डची कड डावीकडे पावणेदोन इंच वर, उजवीकडे सव्वा. रात्री हेडलाइट लिंबाच्या शेंड्यावर पडत. समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारून माझ्या कुळाचा उद्धार करत. शेवटी मी स्क्रू फिरवून दिवे चांगले खाली झुकवले आणि तेवढ्यावर प्रश्न अर्धा सुटला असं जाहीर केलं. अलाइनमेंटही करून घेतलं. आधी उंची जागेवर आणायची आणि मग अलाइनमेंट, हा क्रम मला नंतर समजला. पैसे आधी गेले होते.

मग निदानं सुरू झाली. पंपावरच्या मुलाने हवा कमी केली. शेजाऱ्यांच्या मते टायर मोठे होते, खरं तर टायर तेच होते. एकाने सल्ला दिला, "स्प्रिंगचा एक आटा गॅसने कापून टाका, झटक्यात बसेल." त्याला मी सुनावलं, की आटा कमी झाला तर स्प्रिंग आणखी कडक होते आणि गॅसच्या आचेने तिचं पाणी उतरतं ते वेगळंच. आयुष्यभर हुकचा नियम शिकवलेला माणूस होतो मी. त्या हुकने १६७६ साली आपला नियम अक्षरं उलटसुलट करून कोड्यात छापला आणि दोन वर्षांनी उत्तर फोडलं. मी तेवढासुद्धा थांबलो नाही. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर गणित मांडलं: जुने ड्रम जड, नव्या डिस्क हलक्या, पुढचं वजन घटलं, म्हणून स्प्रिंग लांबली. रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन्ही तोलून आणले. फरक खरंच निघाला. मी इतका खूश झालो, की लेथवरच्या आयटीआय झालेल्या मुलाला मुद्दाम जाऊन कॅलेंडर दाखवलं.

त्याने ते नीट वाचलं. मग हळूच म्हणाला, "सर, पण ब्रेक तर चाकाला लटकतो ना? ते वजन टायरवर जातं. स्प्रिंगवर कुठे येतं?"

स्प्रिंगवर येत नव्हतंच. चाक, ड्रम, डिस्क ही सगळी स्प्रिंगच्या खालची मंडळी. वर बसलेल्या स्प्रिंगला त्यांच्या वजनाचा पत्ताही नसतो. कॅलेंडर मी उलटं टांगलं. पुढे भरीतपार्टीला आलेले दोन धट्टेकट्टे मेहुणे पुढच्या सीटवर बसवून पाहिले. नाक खाली गेलं. ते उतरले, नाक वर. "भाऊजी, आम्हांला इथेच ठेवून घ्या," धाकटा म्हणाला. सौ. हसल्या नाहीत.

धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री अजून फियाटी हाताळतात असं कळलं. निघालो. बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडतानाच बाजूच्या वाऱ्याने गाडी डुलू लागली. पाळधी, एरंडोल, पारोळा, स्टिअरिंग हातात पण मत गाडीचं. मुकटीजवळ एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली ती तिखटाच्या आवडीने कमी आणि धीर गोळा करायला जास्त.

मिस्त्रींनी बॉनेटही उघडलं नाही. मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून गाडी दाबली, सोडली. खालून कर्र आवाज आला. पुन्हा दाबली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, नट कव्हय कसात? चाक हवामा व्हतं का जमिनवर?"

"हवेत," मी म्हणालो.

"मंग रबर बिचारं काय करी?"

या बुशात बाहेर एक नळी, आत एक नळी आणि मधे दोघींना चिकटलेलं रबर. नट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते आणि आर्म वरखाली होताना फक्त रबर पिळतं. चाक लोंबकळत असताना नट आवळले, तर रबराला तीच आपली आरामाची जागा वाटते. गाडी खाली उतरवली की ते पिळलं जातं आणि परत तिकडे जायला धडपडतं, म्हणजे गाडी वर ढकलतं. थोडक्यात, ती एक जादा स्प्रिंगच. स्प्रिंग म्हणजे लोखंडाचीच, अशी माझी समजूत वर्गातल्या चित्रांनी करून दिली होती.

त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, चाकं चौथऱ्यावर टेकलेली. पोरगा खाली उतरला आणि एकेक नट सैल करत गेला. तिसऱ्या नटाला गाडी खस्सकन खाली बसली. पुढे दोघांना बसवून, गाडी हलवून, मग नट पुन्हा आवळले. डावी बाजू तरी अर्धा इंच वरच. तिकडे स्प्रिंगचं खालचं टोक आपल्या खाचेत न बसता कडेवर चढलं होतं. तेवढ्यासाठी चाक परत काढावं लागलं, आणि ते लावताना पोराने नट अर्धवट ठेवला, गाडी खाली घेतली, मगच कसला. माझ्याकडे पाहत कसला.

निघेपर्यंत अंधार पडला. फागण्याच्या पुढे दिवे लावले आणि समोर काहीच दिसेना. नाक जागेवर आलं होतं, दिवे मात्र मी झुकवले तिथेच होते. बंपरपुढचं हातभर डांबर तेवढं लख्ख. स्क्रू ड्रायव्हर घरी. मग पुढे चाललेल्या कापसाच्या एका ट्रकचा लाल दिवा धरला आणि त्याच्यामागे निमूट जळगावच्या दिशेने चालत राहिलो. बराच वेळ छान चाललं. एरंडोलला ट्रक वळला हे माझ्या लक्षात आलं नाही. तो धरणगावच्या एका जिनिंगच्या फाटकातून आत शिरला, पाठोपाठ मी.

वॉचमनने बॅटरी मारून आधी पद्मिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माल काय?"

"काही नाही."

"मग गाडी काट्यावर घ्या," तो म्हणाला, "रिकामी असली तरी वजन लागतं."