हीटरशास्त्री

हीटरशास्त्री मासे धरायला जातो, असा त्याच्या घरच्यांचासुद्धा समज असतो. तो खरा नाही. गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकायचा, बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून तासन्‌तास बसायचं, हा मिनेसोटाचा हिवाळी कुळाचार आहे. शास्त्रीबुवा तो पाळतात. पण त्यांचं चित्त गळावर कधीच नसतं. ते असतं तंबूच्या कोपऱ्यातल्या प्रोपेन हीटरवर. आणि हा हीटर बहुधा अजून घेतलेलाच नसतो.

या राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. तळ्यामागे एक धरला तरी शास्त्री कमी पडायचे नाहीत. आमच्या वाट्याला आलेले शास्त्रीबुवा आमच्या डाव्या हाताच्या घरात राहतात. साठी उलटलेली, नोकरीतून मोकळे, स्वभावाने गरीब. मिनेसोटाचा माणूस एरवीही शब्द जपून खर्च करतो. पारा उणे पंचविसावर उतरला आणि गाडी सुरू होईना, तरी ‘चालायचंच’ यापलीकडे तक्रार नाही. १९९३ साली ‘ग्रम्पी ओल्ड मेन’ नावाचा सिनेमा आला होता. त्यात वबाशा गावातले दोन म्हातारे शेजारी बर्फावर मासे धरता धरता एकमेकांचा जीव खातात. सगळा मिनेसोटा तो सिनेमा हसत हसत बघतो. शास्त्रीबुवा तो मध्येच थांबवून, पडद्याजवळ जाऊन, खोपटात शेगडी कुठली ठेवली आहे ते शोधतात. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं.

तर अशा माणसाला मी एकदा कुंपणावरून विचारून बसलो, ‘छोट्या तंबूला कुठला हीटर बरा?’

‘तंबू कुठला?’

‘अजून घेतला नाही.’

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो नातू झाला तेव्हाही मी पाहिला नव्हता. मला गॅरेजमध्ये नेण्यात आलं, खुर्ची देण्यात आली, आणि एक वही उघडण्यात आली. तंबू दोन जातींचे, म्हणाले. एक स्लेजवर बसवलेला, बसल्या जागी मागून डोक्यावरून ओढून घ्यायचा. त्याचा पाया घालणारे डेव्ह गेंझ इथल्याच सेंट क्लाउडकडचे. हे नाव घेताना शास्त्रीबुवांनी टोपी काढली. दुसरा हब, म्हणजे चारी भिंती बाहेरच्या बाजूला फटाफट उघडणारा. मग कापड एकेरी की अस्तराचं? माणसं किती? कुत्रा येणार का?

‘कुत्र्याचा काय संबंध?’

‘तो सारखा बाहेर जाणार. दर वेळी चेन उघडावी लागणार. दर वेळी उष्णता जाणार.’

वहीत कुत्र्याचा स्वतंत्र रकाना होता.

मग बीटीयू. आपल्याकडे एसी टनावर घेतात. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता खोलीबाहेर काढायची ताकद. त्या हिशेबाने इथे जिकडेतिकडे दिसणारा ‘पोर्टेबल बडी’ हा ९,००० बीटीयूचा हीटर पाऊण टनाचा झाला. त्याचा धाकटा भाऊ ‘लिटल बडी’ ३,८०० चा. थोरला ‘बिग बडी’ १८,००० पर्यंत जातो, म्हणजे सरळ दीड टन. दीड टनात आपल्याकडे आख्खा हॉल गार करतात. इथे तंबूत दोन माणसं आणि आमिषाच्या चिमुकल्या मासोळ्यांची एक बादली. शास्त्रीबुवांचा जीव वर्षानुवर्षं या तीन भावांत अडकलेला. धाकटा पुरायचा नाही, थोरला गॅस फार पितो. आणि मधला? ‘मधला काय, सगळेच घेतात.’ मधल्याविरुद्ध याहून मोठा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता आणि त्यांना तो लागतही नव्हता.

हीटरचं नक्की होण्याआधी सिलिंडरचं नक्की व्हायला हवं, आणि खरी मौज तिथे आहे. आपल्या स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर उचलून इथल्या जानेवारीत ठेवला, तर त्यातला ब्युटेन ढिम्म हलायचा नाही. पारा शून्याच्या अर्धा अंश खाली गेला की तो उकळणं सोडतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होत राहतो, म्हणून या थंडीत राज्य त्याचं. पण हातात मावणाऱ्या हिरव्या सिलिंडरात तो एकच पौंड असतो. मधला बडी जोरात सोडला तर अडीच तासांच्या आत खलास. शिवाय गॅसची वाफ होताना सिलिंडर स्वतःच गारठत जातो, त्याच्या अंगावर पांढरं हिव धरतं आणि वर आच मलूल होते. यावर उपाय वीस पौंडांचा मोठा सिलिंडर आणि नळी. तो जवळजवळ दोन दिवस अखंड जळेल. पण काही नळ्यांतून तेलकट अंश हीटरमध्ये उतरतो. मग फिल्टर हवा. फिल्टर कुठला, याची वही वेगळी.

एका बाबतीत मात्र मी त्यांची चेष्टा करत नाही. प्रोपेनला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, गळाला तर नाकाला कळतं. पण बंद तंबूत अर्धवट जळणातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणूस डुलकी लागली म्हणून डोळे मिटतो आणि उठत नाही. म्हणून तंबूत वापरायच्या हीटरला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरला की आपोआप बंद होण्याची सोय असते, आणि हीटर कलंडला तर गॅस तोडणारा खटकाही असतो. तरी तंबूच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्याच. सिलिंडरच्या डोक्यावर गोल तबकडी बसवलेला, ‘सूर्यफूल’ म्हणून ओळखला जाणारा हीटर जुनी मंडळी अजून तंबूत लावतात. तो मोकळ्या हवेसाठी आहे, आणि शास्त्रीबुवा ते त्यांच्या तोंडावर सांगतात. मिनेसोटात तोंडावर सांगणं म्हणजे जवळपास भांडणच. शास्त्रीबुवा स्वतः मोनॉक्साइडचे दोन अलार्म नेतात. दुसरा, पहिल्यावर नजर ठेवायला.

दुकानात त्यांना पाहिलं की पोरं गोदामात माल मोजायला जातात. एक नवखा सापडला. त्याला शास्त्रीबुवांनी विचारलं, हा हीटर ७,००० फुटांच्या वर विरळ हवेत आपणहून बंद पडू शकतो, त्याचं काय?

‘सर, तुम्ही मासे कुठे धरता?’

‘इथल्याच मिल लॅक्स तळ्यावर.’

मिनेसोटातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे ईगल माउंटन, उंची २,३०१ फूट. पोराला ते शाळेत शिकवलेलं असावं. तो काहीच बोलला नाही. ‘माहीत असलेलं बरं,’ म्हणून शास्त्रीबुवांनी खोका फळीवर सरळ करून ठेवला आणि ते बाहेर पडले.

शेवटी नाताळात त्यांच्या बायकोनेच हीटर आणला. मधला. दुकानात गेली, खोका उचलला, पैसे दिले, येताना बटाटेही घेतले. ‘मला मागणी घालायला यांना एक संध्याकाळ पुरली होती,’ ती मला म्हणाली, ‘तेव्हा कुठली वही नव्हती.’ शास्त्रीबुवांनी आभार मानले, खोका फोडला, आणि दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

जानेवारीत ते मला मिल लॅक्सला घेऊन गेले. चार इंच चांगला घट्ट बर्फ असेल तर पायी जावं, असं इथलं सरकारी खातं सांगतं. त्या दिवशी लोक ट्रक घेऊन आले होते. हब उभा राहिला, भोकं पडली, गळ सुटले. मग शास्त्रीबुवांनी हातमोजे काढले. नॉब दाबला, टक्‌ टक्‌, निळी ज्योत, नॉब तसाच दाबून तीस सेकंद धीर, मग सोडला. जाळी आधी काळपट, मग विटकरी, मग लालभडक झाली. त्यांनी तळवा पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दहा मिनिटांत जाकीट निघालं. विसाव्या मिनिटाला स्वेटर. अर्ध्या तासाने शास्त्रीबुवा बाहेर उणे बावीस असताना बनियनवर बसले होते, पायांत मात्र दोन मोजे आणि जाड बूट, कारण गरम हवा सगळी छताला आणि पाय बर्फावर. ‘फार झालं,’ म्हणून त्यांनी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. कैक हिवाळे ज्या बीटीयूंचा हिशेब मांडला, ते बीटीयू रांगेने बाहेर पडताना मी पाहिले. एवढ्यात छतावरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ‘एक पौंड प्रोपेन जळला की पाऊण लिटर पाणी होतं,’ ते म्हणाले. दुसरा थेंब वहीवर पडला, तेव्हा मात्र वही बनियनच्या आत गेली.

आणि हीटर विझला. गॅस भरपूर होता, प्राणवायू तर खिडक्यांतून धो धो येत होता. हीटरखालचा बर्फ एका बाजूने वितळला होता, हीटर कलंडला होता आणि खटक्याने आपलं काम चोख केलं होतं. शास्त्रीबुवा गुडघ्यांवर बसले, बर्फाला कान लावल्यासारखे वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला. खाली फळी हवी! देवदाराची की प्लायवूडची, यावर त्यांचं बोलणं सुरू झालं न झालं तोच माझी काठी वाकली. चांगला वजनदार वॉलआय असणार, ओढ तशी होती.

‘मासा!’ मी ओरडलो.

‘राहू दे रे तो,’ शास्त्रीबुवा म्हणाले, ‘आधी ही पाचर धर.’

मी पाचर धरली. मासा गेला.

मार्चमध्ये तंबू, खोपटी सगळी किनाऱ्याला लागली आणि मधला बडी जावयाकडे गेला. शास्त्रीबुवा कुंपणापाशी आले तेव्हा हातात नवी वही होती. आता डिझेल हीटर, म्हणाले. जळणाचा धूर नळीने तंबूबाहेर, आत नुसती कोरडी ऊब, छतातून थेंब नाही, हिरव्या सिलिंडरांची रांग नाही.

‘मग सुटलात की!’ मी म्हणालो.

‘सुटलो कसला? त्याच्या पंख्याला बारा व्होल्टची बॅटरी लागते,’ ते म्हणाले आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. ‘थंडीत लिथियमची चार्ज होत नाही, शिशाची वजनाला भारी. तू बस ना जरा.’