पद्मिनीसाठी स्थळ पाहिजे

प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर बदलायचा ठरला की वधूपित्याभोवती जमावेत तसे मालकाभोवती सल्लागार जमतात. एकाचे स्थळ परदेशी: वेबर, डबल बॅरल, गाडी नुसती उडेल. दुसऱ्याचे काटकसरी: मारुती ८०० चा घाला, ॲव्हरेज वाढेल. तिसरा कुर्ल्याच्या बाजारातून ‘सेम टू सेम’ आणून देण्याची हमी घेतो. मुलीला, म्हणजे इंजिनाला, काय झेपेल हे विचारायची रीत याही बोलणीत नसते. खरे तर ते विचारायला शाळेतले गणित पुरते.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांना ते एकदा तेवढी हवा ओढते. मिनिटाला ४८०० फेरे धरले तर सुमारे २६०० लिटर झाले. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत, म्हणून त्यातले ८० टक्केच धरा; उरले २१०० लिटर. तेही गाडी जीव तोडून धावत असताना, आणि पद्मिनीला तसे धावायला लावणाऱ्याने आधी तिचे ड्रम ब्रेक आठवावेत. आता कार्बोरेटरची सगळी करामत त्याच्या अरुंद गळ्यात आहे. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. गळा रुंद केला की कमी फेऱ्यांवर हवा रेंगाळते आणि ओढच लागत नाही. दादरच्या सिग्नलला हिरवा दिवा लागतो, मालक ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी खोकते आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतात. उडणे राहिले बाजूला.

वेबरवाले म्हणतील, दुसरे बॅरल गरज पडली तरच उघडते, मग बिघडले कुठे? मुद्दा रास्त आहे. पण पद्मिनीचा मॅनिफोल्ड एका बॅरलसाठी घडवलेला. मध्ये ॲडॅप्टरची पट्टी आली की पॅकिंग वाढले, हवा चोरण्याच्या जागा वाढल्या आणि जेट नव्याने जुळवायचे कामही आले. ते नीट करणारा मिस्त्री हाताशी असेल तर खुशाल घाला. मारुतीचे गणित उलटे. तो कार्बोरेटर ७९६ सीसीच्या मापाचा. पेट्रोल वाचेल कदाचित, पण मिश्रण फार पातळ राहिले तर वाचलेले पैसे व्हॉल्व्हच्या कामात जातील. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा दाखलाही इथे चालत नाही. बहुतेकांनी सीएनजी बसवून हा संसारच मोडला होता.

सर्वांत वजनदार आक्षेप पेट्रोलचा आहे. त्यात आता २० टक्के इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणजे या मिश्रणाला साधारण १३.५, आणि जुन्या जेटवर गाडी लीन चालणार. शिवाय जुने रबर इथेनॉलने फुगते. हे सगळे मान्य. पण यावरचा इलाज थोडे मोठे जेट आणि नवे डायफ्रॅम हा आहे. त्यासाठी कार्बोरेटरचे धड बदलायचे कारण दिसत नाही.

मुळात ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ हे आपल्याकडचे सार्वत्रिक निदान आहे. गाडी मिसिंग करते, कचरा. पिकअप नाही, कचरा. पॉइंट, प्लग आणि टायमिंग तपासण्याआधीच कार्बोरेटरवर आरोप ठेवला जातो. दोष खरोखर त्याचाच असला तरी पुष्कळदा थ्रॉटलचा स्पिंडल झिजलेला असतो आणि बाजूने हवा शिरते. लेथवर नवे बुश घालून ते सुधारते. बॉडीलाच तडा गेला असेल तर मात्र बदला, त्याच मापाचा सिंगल बॅरल घ्या. आणि जुना भंगारात देऊ नका. त्याच्या मेन जेटवर आकडा कोरलेला असतो, आणि नव्याचे ट्यूनिंग तिथूनच सुरू करायचे असते.