वाळू सोडून बोला

जैसलमेरला लोक वाळू बघायला जातात. आम्ही भूशास्त्राचे विद्यार्थी गेलो होतो ती चुकवायला. भूशास्त्रीय नकाशाला उघडा खडक, म्हणजे एक्स्पोजर, लागतो. वाळूने तो झाकला की तिथे ठिपके द्यायचे आणि मुकाट्याने पुढे सरकायचं.

पुण्याच्या पोरांना इथवर आणण्यामागे सरांचा हेतू सरळ होता. आपल्याकडे डोंगर चढा नाहीतर विहीर खणा, बेसाल्टच. नकाशाला एक रंग पुरतो. इथे मात्र ज्युरासिक काळातल्या समुद्राचा तळ उघडा पडलाय : चुनखडक, वालुकाश्म, थरावर थर, वायव्येकडे जेमतेम काही अंश कललेले.

पुस्तकात हे थर वेगवेगळे असतात. उन्हात सगळे पिवळे. नऊ वाजायच्या आतच ‘तुझा पिवळा की माझा पिवळा’ यावरून दोन गट पडले. निवाडा ॲसिडच्या बाटलीने केला : थेंब फसफसला की चुनखडक. एका मित्राची स्ट्राइक, म्हणजे थराची दिशा, दर दहा पावलांवर बदलत होती. त्याला वाटलं मोठी घडी सापडली. सरांनी कंपासशेजारची हातोडी उचलून लांब ठेवली. सुई सरळ झाली आणि घडी मिटली.

दुपारी कुलधराजवळ काकनी नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो. पर्यटक पलीकडच्या ओसाड गावात भुतं शोधत होते, आम्ही अमोनाइट. शेळ्या घेऊन एक बाबा आले. खडकावर टेकले. बराच वेळ आमचं वाकणं-उठणं पाहून म्हणाले, “तेल निकला क्या?”

“नहीं बाबा, शंख ढूंढ रहे हैं.”

“कहाँ से आए?”

“महाराष्ट्र से.”

बाबा विचारात पडले. “उधर तो समंदर है ना?”

याला उत्तर नव्हतं. बाबा उठले, तेव्हा दिसलं, ते बसले होते तो दगड शिंपल्यांनी खच्चून भरलेला होता. सगळे त्यावर तुटून पडले. तेवढ्यात एका शेळीने टोपोशीटचा ईशान्य कोपरा खाल्ला. तिथली मोजणी बाकी होती, म्हणून कुणी फारसं हळहळलं नाही.

संध्याकाळी कोणीतरी समच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या सूर्यास्ताचा विषय काढला. “तिथे एक्स्पोजर नाही,” सर म्हणाले.

तुम्ही गेलात तर समला खुशाल जा. पण बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवरचं अकलही बघा. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन आडवी पडली आहेत. सावली द्यायचं त्यांनी केव्हाच सोडलंय, तेव्हा टोपी घेऊन जा.