बोलता येईल इतक्याच वेगाने

धावण्याची विद्या शिकविणाऱ्या गुरुजनांच्या फुप्फुसांविषयी, पोटऱ्यांविषयी आणि गळ्यात अडकविलेल्या शिट्टीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु त्यांच्या कानांची चिकित्सा कोणी केल्याचे निदान माझ्या वाचनात तरी आलेले नाही. आपल्या पाठीमागे, आपल्याच शिष्यांकडून, आपल्याच विद्येची जी चिरफाड चाललेली असते, ती या मंडळींच्या कानांवर जाते काय, गेल्यास तेथे क्षणभर मुक्काम करते काय, आणि केल्यास पुढील आठवड्याच्या वेळापत्रकावर तिचा काही अंमल दिसून येतो काय, हा प्रश्न पुण्याच्या वेताळ टेकडीवरून दर रविवारी सकाळी धावत, क्वचित चालत, खाली येणाऱ्या आमच्या मंडळात नेहमी उपस्थित होतो, आणि अमृततुल्य चहाचा दुसरा कप संपेपर्यंत तो नियमाने तहकूबही होतो.

वास्तविक या चर्चेचे पाप गुरुजनांच्याच माथी आहे. लांब पल्ल्याची धाव ही सोबत्याशी संभाषण करता येईल इतक्याच वेगाने घ्यावी, असा या शास्त्राचा एक मूलभूत दंडक आहे. त्याचे कारण असे सांगतात, की श्वास बोलण्याला पुरतो तोवर स्नायूंनाही प्राणवायू पुरेसा मिळत असतो, आणि अशा संथ, दीर्घ धावेने हृदय बळकट होते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, व साठलेला मेद इंधन म्हणून खर्च करण्याची सवय देहाला जडते. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग मर्यादेबाहेर गेला असे समजावे. शास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. परंतु ज्या शहरात बोलण्यासाठी कोणाला उत्तेजन द्यावे लागल्याचा दाखला पेशवे दप्तर उलथेपालथे केले तरी सापडणार नाही, तेथे प्रकृतीच्या हितार्थ बोलणे सक्तीचे केल्यावर दुसरे काय होणार? घरच्या तक्रारी पहिल्या दोन किलोमीटरांत आटोपतात, महापालिकेच्या पाचव्यापर्यंत पुरतात. त्यापुढे उरते ते धावणे, आणि धावण्याच्या ओघात धावविणारा.

आमच्या मंडळाच्या विद्वत्तेविषयी मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. मिनिटाला पावले किती पडावीत, या एका कलमावर आमच्याकडे जेवढा युक्तिवाद झाला आहे तेवढा काही जमिनीच्या दाव्यांतही होत नसेल. जॅक डॅनियल्स नामक एका अमेरिकन प्रशिक्षकाने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये निष्णात धावपटूंची पावले मोजली, आणि ती जवळजवळ सर्वांची मिनिटाला 180 किंवा त्याहून अधिक भरली. तेव्हापासून हा आकडा जगभर वेदवाक्य होऊन बसला आहे. हे नाव आमच्यात प्रथम उच्चारले गेले तेव्हा अबकारी खात्याचे एक निवृत्त अधीक्षक धावता धावता थबकले, आणि या गृहस्थाचा परवाना कोणत्या जिल्ह्याचा, अशी त्यांनी पूर्वसंस्काराने पृच्छा केली. सदर इसम मद्याच्या व्यवसायातील नसून 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या क्रीडाप्रकाराचे सांघिक रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन चमूपैकी आहे, हे कळल्यावर त्यांनी नावाचा नाद सोडून सिद्धांतावरच हरकत घेतली: मोजलेली पावले शर्यतीतली होती, मग ती रविवारच्या संथ धावेला लागू करावयाची कोणत्या न्यायाने? हरकत बिनतोड होती, आणि ती घेणाऱ्याने आयुष्यात कधी शर्यत जिंकलेली नव्हती, यामुळे तिचे तेज किंचितही उणावत नाही.

अर्थात आमची सर्वच मते या योग्यतेची असतात असा दावा मी करणार नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पुरी करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या 5 शतांश सेकंदांनी केनियाच्या किबिवोतकडे गेले. त्या पाच शतांशांची तपासणी आमच्या चहावर अद्याप चालू आहे. शेवटच्या पाण्याच्या अडथळ्यावर साबळ्यांनी पाऊल नेमके कोठे टाकावयास हवे होते, याविषयी आमच्यातील एका दंतवैद्यांचे मत इतके ठाम आहे, की पावसाळ्यात रस्त्यावर डबके लागले असता हेच गृहस्थ दूरचा वळसा घालून जातात, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढण्याचे धैर्य कोणास होत नाही.

आता सर. सर सैन्यातून निवृत्त झालेले, मितभाषी आणि काटकुळे आहेत, आणि चहाला ते थांबत नाहीत. “मी कुणाचं काही ऐकत नाही, फळ्यावर लिहिलंय तेवढं करा,” हे त्यांचे सर्वांत प्रदीर्घ भाषण होय. परंतु परिस्थितिजन्य पुराव्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. अधीक्षकांची ती हरकत नोंदली गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, ज्याच्या टिकटिकीवर आम्हांस 180 पावले टाकावी लागत ते यंत्र सरांच्या पिशवीतून निमूटपणे नाहीसे झाले. धावण्यापूर्वी एकाच जागी उभे राहून स्नायू ताणून धरण्यात अर्थ नाही, त्याऐवजी हळूहळू हालचाल वाढवीत अंग तापवावे, असे प्रवचन आमच्यातील एका वकीलसाहेबांनी केले, आणि पुढे यथावकाश तेही फळ्यावर उमटले. मात्र जणू ते सरांना स्वप्नात स्फुरले असावे, अशा थाटाने. शोध घेता असे आढळले, की आमच्या वेळा टिपणारा जो तरुण मदतनीस आमच्याबरोबर चहा घेतो, आणि ज्याच्या कपाचे पैसे आम्ही मोठ्या प्रेमाने देतो, त्याच्या वहीत वेळांखेरीजही बराच मजकूर असतो. परदरबारी अखबारनवीस ठेवण्याचा पेशवाईतील शिरस्ता या शहरातून अजून पुरता गेलेला नाही.

यात सरांना उणेपणा येतो असे मला वाटत नाही. ऐकले ते कोणाकडून, हे उघड न करणारे गुरू पुष्कळ. उघड करणारा मला ठाऊक आहे तो एकच, आणि त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे कोणी क्रीडाशास्त्राचे आचार्य नव्हते. ते पादत्राणांच्या कारखान्यात कामास होते, दूध पोहोचविण्याचेही काम त्यांनी केले, आणि आठवड्याला शंभर मैलांची आपली पद्धती त्यांनी प्रथम स्वतःच्याच पायांवर अजमावून पाहिली. ऑकलंडच्या आसपासच्या मुलांना त्यांनी ती शिकविली, आणि 2 सप्टेंबर 1960 रोजी रोममध्ये, एकाच दिवशी, पीटर स्नेल 800 मीटरांत आणि मरे हालबर्ग 5000 मीटरांत ऑलिंपिक विजेते झाले. ही किमया कशी घडते हे पाहण्यास अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962 च्या अखेरीस तेथे गेले, तेव्हा लिडियार्ड यांनी त्यांना सामान्य नागरिकांच्या एका रमतगमत धावणाऱ्या टोळीबरोबर धाडून दिले. पन्नाशी गाठलेल्या या महागुरूंना पहिल्याच टेकडीवर धाप लागली, आणि सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचविलेले एक वृद्ध गृहस्थ केवळ दयाबुद्धीने मागे राहून त्यांच्या सोबतीने धावू लागले, व धावता धावता बोलू लागले. बॉवरमन यांना उत्तर देण्यापुरता श्वासच उरलेला नसल्यामुळे ते फक्त ऐकत राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी यूजीन गावच्या नागरिकांना तसेच संथ धावण्यास लावले आणि 1967 मध्ये डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांसमवेत ‘जॉगिंग’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले, ज्याने अमेरिकेतील अनेक सुखवस्तू लोकांस पहाटेच्या झोपेतून उठविले. आमच्या वकीलसाहेबांनी या हकीकतीवरून काढलेला निष्कर्ष असा, की प्रशिक्षकाच्या कानांचा मार्ग त्याच्या फुप्फुसांतून जातो, आणि सबब तो बोलू शकेल इतक्या वेगाने त्यास कदापि धावू देता कामा नये.

हे ऐकणे-न ऐकणे काही एकट्या लिडियार्ड-बॉवरमन यांच्यापुरते नाही. ऑस्ट्रेलियाचे पर्सी सेरुटी हे टपालखात्यातील नोकरदार, चाळिशीनंतर प्रकृती ढासळली तेव्हा वैद्यांचेही न ऐकता वाळूच्या टेकड्यांवरून धावत सुटलेले. त्यांच्या हर्ब इलियट याने त्याच रोममध्ये 1500 मीटरांचा विश्वविक्रम केला. आणि आपल्याकडील दाखला द्यावयाचा तर 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले, आणि ऑलिंपिकच्या इतिहासात त्याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. त्याआधीच्या वर्षी पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांच्या मनात हिंदुस्थानचा संघ पाठविण्याचा विचार आला, असे सांगतात. त्या मंडळींना मिनिटाला किती पावले टाकावीत हे कोणी सांगितले असल्यास त्याची नोंद नाही. डेक्कनवरचे प्रेक्षक मात्र गप्प राहिले असतील, हे माझ्या मनास पटत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर वकीलसाहेबांनी ठराव मांडला, की हा गुप्त कारभार पुरे. सरांनाच एकदा समक्ष पाचारण करावे. आश्चर्य म्हणजे सर आले. बिनसाखरेचा चहा घेऊन ते बाकाच्या टोकाशी बसले, आणि बुटांचे तळवे, केळ्याची वेळ, किबिवोतचे नशीब व खुद्द त्यांचे वेळापत्रक, या सर्वांची उलटतपासणी त्यांनी एका अक्षरानेही प्रतिवाद न करता ऐकून घेतली. जाताना “छान” एवढेच म्हणाले. आम्ही कृतकृत्य झालो. दंतवैद्यांनी तर सर्वांचे पैसे दिले. पुढल्या रविवारी पाहतो तो फळ्यावर संथ लांब धावेचा मागमूस नव्हता, त्या जागी टेकडीच्या सर्वांत उभ्या चढावर जोराने चढण्याच्या फेऱ्या मांडलेल्या होत्या. कारण विचारता सर म्हणाले, “अहो, शेवटच्या टप्प्यात जोर कमी पडला, असं तुम्हीच म्हणालात ना?”

ते साबळ्यांविषयी होते, हे सांगण्यास तोवर कोणापाशी श्वास शिल्लक नव्हता. पायथ्याशी अधीक्षकांनी “या पद्धतीस माझी मुख्य हरकत अशी, की चढणीवर हृदयाचे ठोके” असे एक वाक्य मोठ्या आवेशाने सुरू केले होते; मदतनीस तरुण वही उघडून माथ्यावर क्रियापदाची वाट पाहत उभा होता.